गिटहबवरचा कोड रेंडरवर: एपीआयने जोडणी करताना पायऱ्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

गिटहब म्हणजे कोड साठवायची जागा, रेंडर म्हणजे तो कोड इंटरनेटवर चालवणारी सेवा, आणि एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची ठरलेली पद्धत. या जोडणीत चार सांधे असतात: गिटहबकडून निघणारी सूचना, ती तपासून घेणारा आपला मध्यस्थ प्रोग्रॅम, मध्यस्थाने रेंडरला केलेली विनंती, आणि निकाल परत गिटहबवर लिहिणं. बहुतेक जण पहिल्या सांध्यापासून सुरुवात करतात, चारही एका संध्याकाळी जोडून टाकतात, आणि पुश केल्यावर (नवा कोड गिटहबवर पाठवल्यावर) काहीच हललं नाही की नेमकं कुठे तुटलंय ते सापडत नाही. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. रेंडरचं टोक आधी, वेबहुक (गिटहबकडून येणारी ती सूचना) बरंच नंतर. प्रत्येक टप्प्याखाली एक तपासणी आहे. ती जमल्याशिवाय पुढचा टप्पा उघडू नका.

उदाहरणाला इंदूरमधल्या एखाद्या मराठी मंडळाची गणेशोत्सवाची साइट धरू. रांगोळी, अथर्वशीर्ष पठण, पाककृती अशा स्पर्धांची नावनोंदणी आणि वर्गणीच्या पावत्या. रिपॉझिटरी (कोडची साठवण) खाजगी, गिटहबवर. रेंडरवर दोन सर्व्हिस: एक चाचणीची, एक लोकांसाठीची, दोन्ही सिंगापूरला.

फील्डची आणि हेडरची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये दिसतात तशीच, लहान-मोठ्या अक्षरांसकट लिहा.

## हे कोणाला लागत नाही

रेंडरमध्ये ऑटो-डिप्लॉयची (नवा कोड आपोआप चढवायची) सोय मुळातच आहे, आणि सीआय चेक (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या टेस्ट) पास झाल्यावरच डिप्लॉय करायचा पर्यायही तिथेच मिळतो. एक रिपॉझिटरी, एक सर्व्हिस, आणि 'टेस्ट पास झाल्या की चढव' एवढंच काम असेल तर तो पर्याय निवडा. खालची सगळी खटपट फुकटची. आधी चाचणीवर, कुणीतरी बघून हो म्हटलं की तोच कमिट (कोडमधल्या बदलाची एक नोंद) लोकांसाठी, असा क्रम हवा असेल किंवा कोणता कमिट कुठे कधी चढला याची नोंद गिटहबवरच राहायला हवी असेल, तरच पुढे वाचा.

## तयारी

खाती कोणाच्या नावावर आहेत ते बघा. मंडळांच्या साइटचं सगळ्यात जुनं दुखणं हेच. साइट ज्याने बांधली तो मुलगा नोकरीला पुण्याला किंवा बंगळुरूला गेला, आणि रिपॉझिटरी, रेंडर, डोमेन सगळं त्याच्या खाजगी ईमेलवर. गिटहबवर मंडळाच्या नावाने ऑर्गनायझेशन काढा, दोन ओनर ठेवा. रेंडरची एपीआय की ज्या खात्यातून काढाल त्या खात्याला दिसणाऱ्या सगळ्या सर्व्हिसवर चालते. खाजगी खात्यातून काढलीत तर त्या माणसाच्या इतर कामांच्या किल्ल्याही मंडळाच्या हाती जातात.

मध्यस्थ कुठे चालणार ते ठरवा. हा एक छोटा वेब प्रोग्रॅम आहे, पायथॉन किंवा नोडमध्ये दोन-तीनशे ओळींचा. तो रेंडरच्या फुकट इन्स्टन्सवर ठेवू नका. फुकट वेब सर्व्हिस १५ मिनिटं कुणी फिरकलं नाही की झोपते आणि जागी व्हायला सुमारे मिनिटभर घेते. गिटहब वेबहुकच्या उत्तरासाठी १० सेकंदच थांबतं, आणि फसलेली सूचना आपणहून पुन्हा पाठवत नाही. परिणाम असा की दिवसातला पहिला पुश हरवतो, दुसरा चालतो, आणि 'कधी चालतं कधी नाही' अशी तक्रार सुरू होते. पैशाचा सगळ्यात लहान प्लॅन किंवा आधीपासून चालू असलेला एखादा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) पुरे.

एक डेटाबेस हवा. आलेल्या सूचना, चालू डिप्लॉय, त्यांचे आयडी, इतकंच साठवायचं आहे. फाइलमध्ये साठवू नका. रेंडरवर पर्सिस्टंट डिस्क लावली नसेल तर प्रत्येक डिप्लॉयला फाइली पुसल्या जातात.

सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे का ते बघा. स्वतःचा व्हीपीएस असेल तर एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू हवं. का, ते टप्पा ३ मध्ये येईल.

शेवटी, कागदावर उतरवून ठेवायच्या गोष्टी: रिपॉझिटरीच्या मालकाचं आणि रिपॉझिटरीचं नाव, मुख्य ब्रँच (कोडची मूळ फांदी, इथे 'मेन'), दोन्ही सर्व्हिसचे आयडी. सर्व्हिस आयडी 'एसआरव्ही' आणि आडव्या रेघेने सुरू होतो आणि डॅशबोर्डमध्ये ती सर्व्हिस उघडली की पत्त्याच्या पट्टीत दिसतो. कोणता आयडी चाचणीचा आणि कोणता लोकांचा, हे दोघांनी मिळून वाचून खात्री करा. अदलाबदल झाली तर ती पहिल्याच पुशला सगळ्यांना दिसते.

## टप्पा १: ऑटो-डिप्लॉय बंद करा

दोन्ही सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये ऑटो-डिप्लॉय 'ऑफ' करा. हे राहून गेलं की एका पुशवर दोन डिप्लॉय सुटतात, एक रेंडरचा आणि एक आपला, आणि कोण जिंकेल ते नशिबावर.

सावधान: ऑटो-डिप्लॉय बंद करताना रिपॉझिटरीची जोडणी तोडू नका. रिपॉझिटरी खाजगी असल्यामुळे कोड उतरवून घ्यायला रेंडरला गिटहबची परवानगी लागतेच. आपण फक्त 'कधी' हा निर्णय स्वतःकडे घेतोय. 'कुठून' ते आहे तसंच राहतं.

तपासणी: मेनवर एक रिकामा कमिट पुश करा. पाच मिनिटांनी दोन्ही सर्व्हिसच्या यादीत नवीन काही दिसता कामा नये.

## टप्पा २: रेंडरचं टोक हाताने चालवून बघा

रेंडरच्या अकाउंट सेटिंगमधून एपीआय की काढा. ती एकदाच दिसते. लगेच पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'जपून ठेवा रे' म्हणून टाकू नका.

आता टर्मिनलमधून कर्लने (विनंती पाठवणारी आज्ञा) एक पोस्ट विनंती करा. पत्ता: रेंडर एपीआयची पहिली आवृत्ती, त्यापुढे 'सर्व्हिसेस', चाचणीचा सर्व्हिस आयडी, आणि 'डिप्लॉइज'. ऑथरायझेशन हेडरमध्ये 'बेअरर', एक जागा, मग की. बॉडीमध्ये जेसन (माहिती लिहायचा ठरलेला साचा), त्यात कमिट आयडी.

कमिट आयडी द्याच. तो न दिल्यास रेंडर ब्रँचवरचा सगळ्यात ताजा कमिट उचलतं. तुम्ही तपासलेला कमिट आणि डिप्लॉय सुरू होईपर्यंतचा ताजा कमिट यांत दुसऱ्या कुणाचा पुश येऊन बसू शकतो. पूर्ण ४० अक्षरांचा हॅश (म्हणजेच कमिटचा आयडी) द्या. लॉगमध्ये दिसणारी पहिली सात अक्षरं माणसांच्या सोयीसाठी असतात.

उत्तरात डिप्लॉयचा आयडी येतो. विनंती स्वीकारली गेली, एवढाच त्याचा अर्थ. साइट चढली असं समजून इथेच थांबणं ही फार सर्रास होणारी चूक. त्या आयडीवर गेट विनंती करून स्थिती विचारत राहावं लागतं: आधी बिल्ड चालू, मग अपडेट चालू, शेवटी 'लाइव्ह', किंवा बिल्ड फसलं, अपडेट फसलं, रद्द झालं. बिल्ड फसणं आणि अपडेट फसणं यांत फरक करा. बिल्ड फसलं तर पॅकेज किंवा कोडची भानगड. बिल्ड नीट होऊन अपडेट फसलं तर बहुधा प्रोग्रॅम सुरूच होत नाहीये: एखादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल राहिलाय, किंवा प्रोग्रॅम लोकलहोस्टवर ऐकतोय. रेंडरवर तो ०.०.०.० वर आणि 'पोर्ट' व्हेरिएबलमध्ये दिलेल्या पोर्टवरच ऐकायला हवा. 'भिया, लोकल पे तो चल रहा था' हे वाक्य दहातल्या आठ वेळा इथूनच निघतं.

अडलं तर:

- ४०१ आलं: की चुकली, किंवा कॉपी करताना शेवटी नवी ओळ चिकटली. फाइलमधून वाचत असाल तर कडेची मोकळी जागा छाटून घ्या.
- ४०४ आलं: सर्व्हिस आयडी चुकला, किंवा की दुसऱ्या वर्कस्पेसमधल्या माणसाची आहे.
- ४२९ आलं: फार वेळा विचारताय. स्थिती दर १५ सेकंदांनी विचारली तरी पुरते.

तपासणी: साइटच्या तळाशी किंवा एखाद्या साध्या पत्त्यावर चालू कमिटचा हॅश दिसेल अशी सोय करा, रेंडर तो एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये देतं. तुम्ही पाठवलेला हॅश आणि साइटवर दिसणारा हॅश अक्षर न् अक्षर जुळला की हा टप्पा झाला. ही सोय आत्ताच करा. पुढे प्रत्येक वादाचा निकाल तिथेच लागतो.

## टप्पा ३: गिटहब ॲप आणि एक तासाचं टोकन

इथे पर्सनल ॲक्सेस टोकन वापरायचा मोह होतो, कारण ते दोन मिनिटांत निघतं. पण ते माणसाला चिकटलेलं असतं. तो माणूस ऑर्गनायझेशनमधून बाहेर पडला की डिप्लॉय बंद. ऑर्गनायझेशनच्या नावाने गिटहब ॲप (माणसाऐवजी प्रोग्रॅमची ओळख) काढा.

परवानग्या मोजून द्या. कंटेंट्स: वाचणं. ॲक्शन्स: वाचणं. डिप्लॉयमेंट्स: लिहिणं. मेटाडेटा वाचण्याची परवानगी आपोआप येते. बाकी काही नको. ॲप इन्स्टॉल करताना 'सगळ्या रिपॉझिटरी' हा पर्याय सोडून एकच रिपॉझिटरी निवडा. परवानगी नंतर वाढवलीत तर ऑर्गनायझेशनच्या ओनरला ती नव्याने मंजूर करावी लागते, तोपर्यंत ॲप जुन्याच परवानग्यांवर चालतं. 'परवानगी दिली तरी ४०३ येतं' याचं कारण बहुतेक वेळा त्या न उघडलेल्या ईमेलमध्ये असतं.

मग प्रायव्हेट की काढा. ती पेम फाइल म्हणून उतरते. टोकन मिळवायला दोन पायऱ्या आहेत:

१. त्या कीने आरएस२५६ पद्धतीने सही केलेला जेडब्ल्यूटी (ॲपची ओळख पटवणारा छोटा मजकूर) बनवा. कधी काढला ती वेळ आत्तापेक्षा ६० सेकंद मागची लिहा आणि संपण्याची वेळ ९ मिनिटं पुढची. गिटहब १० मिनिटांपेक्षा पुढची मुदत नाकारतं. मागची ६० सेकंदं घड्याळातल्या फरकासाठी. सर्व्हरचं घड्याळ थोडं जरी पुढे असलं तरी गिटहबच्या दृष्टीने तुमचा जेडब्ल्यूटी भविष्यातून आलेला असतो आणि ४०१ मिळतो.

२. तो जेडब्ल्यूटी दाखवून इन्स्टॉलेशनचं टोकन मागा. ते बरोबर एक तास चालतं. साठवून वापरा, पण पंचावन्न मिनिटांनी नवीन घ्या. मध्यस्थ सुरू होताना एकदाच टोकन घेऊन बसणारे प्रोग्रॅम पहिल्या तासाच्या चाचणीत अगदी शहाण्यासारखे वागतात.

पेम फाइल अनेक ओळींची असते. ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घालताना ओळी मोडून त्या जागी उलटी तिरकी रेघ आणि 'एन' ही दोन अक्षरं राहतात, आणि लायब्ररी 'की वाचता येत नाही' म्हणून हात वर करते. रेंडरची सीक्रेट फाइल वापरा, नाहीतर की बेस६४ करून ठेवा आणि वाचताना उलगडा.

गिटहबच्या विनंत्यांना यूजर-एजंट हेडर लागतंच. नसेल तर ४०३ येतं. आणि खाजगी रिपॉझिटरीवर हक्क नसेल तर गिटहब ४०४ देतं. रिपॉझिटरी समोर उघडी दिसत असताना ४०४ आला की नावाची जुळणी तपासत बसू नका, आधी इन्स्टॉलेशन बघा.

तपासणी: मिळालेल्या टोकनने मेन ब्रँचचा ताजा कमिट वाचा. मग त्याच टोकनने मंडळाची दुसरी एखादी खाजगी रिपॉझिटरी वाचायचा प्रयत्न करा. दुसरा प्रयत्न फसायला हवा. तो यशस्वी झाला तर इन्स्टॉलेशन जास्त उघडं आहे.

## टप्पा ४: वेबहुक, आणि सहीची गोष्ट

आता गिटहबचं टोक. ॲपच्या सेटिंगमध्येच वेबहुकचा पत्ता द्या. रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये वेगळा वेबहुक काढू नका, नाहीतर प्रत्येक घटना दोनदा येईल. पत्ता एचटीटीपीएसचा आणि बाहेरून पोचता येण्याजोगा हवा. लोकलहोस्ट गिटहबला दिसत नाही. सीक्रेट म्हणून ओपनएसएसएलने ३२ बाइटचा यादृच्छिक आकडा हेक्समध्ये काढा, म्हणजे ६४ अक्षरं मिळतात. 'गणपती१२३' चालणार नाही. घटना दोनच निवडा: पुश आणि वर्कफ्लो रन (गिटहबवर चाललेली टेस्टची फेरी).

प्रत्येक सूचनेसोबत 'एक्स-हब-सिग्नेचर-२५६' हे हेडर येतं. त्यात 'एसएचए२५६', बरोबरचं चिन्ह आणि पुढे एचमॅकचा (सीक्रेट वापरून बॉडीवर केलेल्या सहीचा) निकाल असतो. तुम्ही त्याच सीक्रेटने बॉडीचा एचमॅक काढायचा आणि दोन्ही जुळवायचे. तुलना साध्या बरोबरच्या चिन्हाने करू नका. पायथॉन आणि नोड दोन्हींत एकसारखा वेळ घेणारी तुलना तयार मिळते, ती वापरा.

इथे मराठी लोकांची एक खास फसगत होते. सही बॉडीच्या कच्च्या बाइटवर असते. अनेक फ्रेमवर्क जेसन आपणहून उलगडतात, आणि लिहिणारा माणूस तो उलगडलेला जेसन पुन्हा मजकूर करून त्याचा एचमॅक काढतो. मोकळ्या जागा न घालता लिहिलं तर कमिटचा संदेश इंग्रजी असेल तोवर हे जुळूनही जातं. मग कुणीतरी 'रांगोळी स्पर्धेची तारीख बदलली' असा संदेश लिहून पुश करतं आणि सही चुकीची ठरते, कारण पायथॉनचं जेसन मॉड्यूल पुन्हा लिहिताना देवनागरीचं प्रत्येक अक्षर तिरक्या रेघेच्या संकेतात बदलतं. बाइट वेगळे, म्हणून एचमॅक वेगळा. बॉडी यूटीएफ-८ सोडून दुसऱ्या एन्कोडिंगने वाचली तरी तेच. तेव्हा कच्चे बाइट आधी हातात घ्या, सही तपासा, मगच जेसन उलगडा.

तपासणी: एक कमिट इंग्रजी संदेशाचा, एक मराठी संदेशाचा. दोन्ही सूचना गिटहब ॲपच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावरच्या यादीत हिरव्या दिसायला हव्यात. मग मध्यस्थातलं सीक्रेट मुद्दाम एका अक्षराने बदला; आता दोन्ही नाकारल्या गेल्या पाहिजेत. नकाराची चाचणी टाळणारे बरेच भेटतात. त्यातल्या कित्येकांचा सही तपासणारा भाग काहीही आलं तरी 'हो' म्हणत असतो.

सही जुळली की सूचना डेटाबेसमध्ये टाका, २०२ (स्वीकारलं) असं उत्तर द्या, आणि काम पाठीमागे करा. रेंडरचं बिल्ड संपेपर्यंत गिटहबला ताटकळत ठेवलंत तर १० सेकंदांनी ते फोन ठेवून देतं.

प्रत्येक सूचनेला डिलिव्हरी आयडी असतो. तोच आयडी पुन्हा आला तर काम पुन्हा करू नका. पण एक बारकावा: गिटहबवरून हाताने 'रीडिलिव्हर' केलं तरी आयडी जुनाच राहतो. म्हणून आयडी 'आला' या खुणेने अडवू नका, 'काम पूर्ण झालं' या खुणेने अडवा. नाहीतर फसलेली सूचना हाताने पाठवायचा एकमेव मार्गही तुम्हीच बंद करता. हा मार्ग मागच्या तीन दिवसांच्या सूचनांपुरताच खुला असतो.

## टप्पा ५: कोणती घटना, कोणती सर्व्हिस

हा नकाशा मध्यस्थाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असावा. सूचनेत आलेल्या मजकुरातून सर्व्हिसचं नाव कधीही घेऊ नका.

चाचणीच्या सर्व्हिससाठी वर्कफ्लो रनची घटना वापरा, म्हणजे टेस्ट पास झाल्याचं कळल्यावरच डिप्लॉय सुटेल. अट चार गोष्टींची, आणि चारही लागतात: कृती 'पूर्ण', निष्कर्ष 'यशस्वी', हेड ब्रँच 'मेन', आणि ज्या घटनेमुळे वर्कफ्लो चालला ती 'पुश'. शेवटची अट बहुतेक जण विसरतात. रिपॉझिटरी पुढे सार्वजनिक केलीत आणि कुणी फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) स्वतःच्या 'मेन'वरून पुल रिक्वेस्ट (बदल घ्यायची विनंती) पाठवली, तर त्या वर्कफ्लोचीही हेड ब्रँच 'मेन'च दिसते. अट नसेल तर परक्याचा कोड तुमच्या सर्व्हिसवर. हेड रिपॉझिटरी आपलीच आहे हेही जुळवून घ्या.

लोकांच्या सर्व्हिससाठी टॅग (एखाद्या कमिटला दिलेलं नाव) वापरा. वेगळी 'लाइव्ह' ब्रँच करून तिच्यात पुल रिक्वेस्टने मर्ज करण्याची पद्धत सोपी वाटते, पण मर्जमुळे कमिटचा हॅश बदलतो आणि चाचणीवर बघितलेला कमिट तो हाच, असं छातीठोक सांगता येत नाही. टॅग त्याच कमिटवर बसतो. टॅगच्या दोन खोड्या लक्षात ठेवा:

- संदेशासह केलेल्या टॅगच्या पुश घटनेत 'आफ्टर' फील्डमधला हॅश टॅगचा स्वतःचा असतो, कमिटचा नाही. रेंडरला तो दिलात तर असा कमिट नाही म्हणून अडेल. 'हेड कमिट'मधला आयडी घ्या.
- एका वेळी तीनपेक्षा जास्त टॅग पुश केले तर गिटहब त्यांची पुश घटना पाठवतच नाही. जुने सगळे टॅग एकदम पुश करणाऱ्या आज्ञेने हेच होतं.

ब्रँच किंवा टॅग पुसल्यावरही पुश घटना येते; 'डिलीटेड' खरं असेल तर सोडून द्या. आणि टॅग आला तरी तो कमिट आधी चाचणीवर यशस्वी चढला होता का, हे स्वतःच्या डेटाबेसमध्ये बघा. नसेल तर नाकारा. टॅग कोण करू शकतं यावर गिटहबच्या रूलसेटने बंधन घाला, दोघंतिघं पुरे.

## टप्पा ६: नोंद आधी, डिप्लॉय मग, निकाल शेवटी

क्रम असा:

१. गिटहबवर डिप्लॉयमेंट तयार करा. रेफमध्ये कमिटचा हॅश, एन्व्हायर्नमेंटमध्ये चाचणी किंवा प्रॉडक्शन.
२. रेंडरला टप्पा २ प्रमाणे विनंती करा आणि मिळालेला आयडी डिप्लॉयमेंटच्या आयडीशेजारी साठवा.
३. गिटहबवर स्थिती 'इन प्रोग्रेस' लिहा, लॉगचा पत्ता द्या.
४. रेंडरला विचारत राहा. 'लाइव्ह' झालं तर 'सक्सेस', फसलं तर 'फेल्युअर'. २० मिनिटांत काहीच निकाल लागला नाही तर 'एरर' लिहून माणसाला कळवा.

पहिल्या पायरीत दोन फील्ड स्पष्ट लिहा. 'ऑटो मर्ज' न लिहिल्यास ते खरं धरलं जातं, आणि ब्रँचचं नाव रेफमध्ये देणाऱ्यांच्या ब्रँचमध्ये गिटहब आपणहून मुख्य ब्रँच मर्ज करून २०२ देऊ शकतं. डिप्लॉयमेंट मात्र तयार झालेली नसते. ते खोटं करा. 'रिक्वायर्ड कॉन्टेक्स्ट्स' रिकामी यादी द्या, कारण टेस्टची वाट आपण टप्पा ५ मध्येच पाहिली आहे. हे न दिल्यास एखादा संबंध नसलेला चेक अजून चालू असेल तरी ४०९ येतो.

तपासणी: चाचणीवर मुद्दाम बिल्ड मोडणारा बदल चढवा. गिटहबच्या डिप्लॉयमेंट पानावर लाल खूण यायला हवी आणि साइटवर जुनाच कमिट चालू राहायला हवा. फक्त यशाची वाट तपासलेली जोडणी अर्धीच तपासलेली असते.

## टप्पा ७: एका सर्व्हिसवर एका वेळी एकच

दोघांनी पाच मिनिटांच्या अंतराने पुश केलं. पहिल्याच्या टेस्टना जास्त वेळ लागला, दुसरा आधी चढला, आणि मग पहिल्याचा जुना कोड त्यावर येऊन बसला. याला उपाय म्हणजे सर्व्हिसनिहाय कुलूप. एक डिप्लॉय चालू असेल तर पुढचा रांगेत. रांगेत एकच जागा, नवा आला की आधीचा वाट पाहणारा बाद. डिप्लॉय सुरू करण्याआधी तो कमिट आत्ता चालू असलेल्या कमिटचा पूर्वज तर नाही ना, हे गिटहबच्या कंपेअर एपीआयला विचारा. 'बिहाइंड' असं उत्तर आलं तर सोडा. मुद्दाम मागे जायचं असेल तेव्हा ही अट ओलांडणारी वेगळी वाट ठेवा.

कुलपाला मुदत हवी. मध्यस्थ मधेच बंद पडला आणि कुलूप तसंच राहिलं तर नंतरचे सगळे डिप्लॉय निमूट उभे राहतात. ३० मिनिटं ठीक.

## टप्पा ८: मागे जायची तालीम

मागे जाणं म्हणजे जुना हॅश देऊन तीच रेंडरची विनंती. ती गणेश चतुर्थीच्या किमान आठवडाभर आधी एकदा प्रत्यक्ष करून बघा, घड्याळ लावून. दोन गोष्टी मागे जात नाहीत: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि डेटाबेसची रचना. नव्या कोडने पावत्यांच्या टेबलातला रकाना काढून टाकला असेल तर जुना कोड परत आणून तो रकाना परत येत नाही. म्हणून रकाना काढायचा बदल कोडच्या बदलासोबत पाठवू नका. कोड आधी त्याचा वापर सोडू दे, रकाना उत्सव संपल्यावर काढा.

वेळेबद्दल एक. रेंडरचे सर्व्हर यूटीसी वेळ पाळतात आणि गिटहब ॲक्शन्सचं वेळापत्रकही मुळात यूटीसीत धरलं जातं. आपली मध्यरात्र म्हणजे तिथले संध्याकाळचे ६.३०. 'नावनोंदणी रात्री १२ ला बंद' असं कोडमध्ये सर्व्हरच्या वेळेवर लिहिलंत तर फॉर्म पहाटे ५.३० पर्यंत उघडा राहतो, आणि परीक्षकांच्या यादीत नसलेली चार नावं सकाळी भांडायला येतात. 'टीझेड' व्हेरिएबल एशिया/कोलकाता ठेवा, आणि तोच दोन्ही सर्व्हिसवर.

अनंत चतुर्दशीला अख्खं इंदूर झांक्या (चित्ररथ) बघायला रस्त्यावर असतं, तुमची टीमही. त्या दिवशीपुरतं मध्यस्थात 'डिप्लॉय बंद' असं एक बटण हवं, जे टॅग आला तरी नाकारेल आणि का नाकारलं ते डिप्लॉयमेंटच्या नोंदीत लिहील.

## टप्पा ९: किल्ल्या बदलणं

दरवर्षी कार्यकारिणी बदलली की तिन्ही किल्ल्या बदला. क्रम तिन्हींचा एकच नाही.

गिटहब ॲपला एका वेळी एकापेक्षा जास्त प्रायव्हेट की असू शकतात. नवी काढा, मध्यस्थात घाला, टप्पा ३ ची तपासणी करा, मग जुनी पुसा. रेंडरच्या कीचंही तसंच, तपासणी टप्पा २ ची.

वेबहुकचं सीक्रेट मात्र एकच असतं. गिटहबवर ते बदललं आणि मध्यस्थात बदलेपर्यंत पाच मिनिटं गेली, तर त्या पाच मिनिटांतल्या सूचना नाकारल्या जातात. मध्यस्थात दोन जागा ठेवा, चालू आणि पुढचं. आधी पुढचं तिथे भरा, मग गिटहबवर बदला, आणि एक सूचना नव्या सीक्रेटने जुळलेली लॉगमध्ये दिसली की जुनं काढा.

एखादी की चुकून कमिटमध्ये गेली असेल तर नंतरच्या कमिटमध्ये ती ओळ काढून उपयोग नाही. गिटच्या इतिहासात ती राहतेच. आधी की रद्द करा, मग इतिहास साफ करायचा की नाही ते निवांत ठरवा. ग्रुपवर गेलेल्या स्क्रीनशॉटलाही हाच नियम.